तिसऱ्या नंबरची बोट

आमच्या बंदरात माझ्या भावोजींना त्यांच्या नावाने कोणी हाक मारत नाही. सगळे त्यांना 'मिनिटे' म्हणतात, आणि हे नाव पाडणारा मीच. मेहुण्याने एवढं तरी करायलाच हवं. बावीस वर्षं हा माणूस आपल्या बोटीपासून अकरा मिनिटांपेक्षा लांब गेला नाही. न्हावी अकरा मिनिटांच्या आतला, दवाखाना आतला, चहाची टपरी तर तीनच मिनिटांवर. चांगला शिंपी साडेबारा मिनिटांवर आहे, म्हणून यांच्या पँटी कायम आखूड. एकुलत्या एका मुलीच्या लग्नाला गेले, तेही बंदर कचेरीत दोन दिवसांची रजा लिहून देऊन, आणि तिसऱ्या दिवशी उजाडायच्या आत धक्क्यावर हजर. मुलगी सासरी जायचं म्हणून रडत होती की बाप आधीच निघून गेला म्हणून, हे आम्हाला आजवर कळलेलं नाही.

हे वेड नव्हतं, हे आधी सांगून टाकतो. आमचा किनारा हलतो. वर्षातून चार-पाच वेळा तरी फळीवरची भांडी वाजतात, दिव्याची वायर झुलायला लागते, आणि जो इथे वाढला तो हातातला घास खाली ठेवून मनात आकडे मोजतो. वीसच्या आत थांबलं तर घास परत उचलायचा. वीसच्या पुढे गेलं तर उठायचं, कारण मग मागून समुद्र येऊ शकतो. जमिनीवरच्यांनी टेकडी गाठायची. बोटवाल्यांनी काय करायचं, हा प्रश्न अवघड आहे. शहाणी माणसं सांगतात, बोट सोडा, जीव वाचवा. पण ज्याची बोट हेच पोट आहे त्याच्या गळी हे उतरत नाही. शंभर वाव, म्हणजे सहाशे फूट, खोल पाण्यात गेलं की तीच लाट बोटीखालून नुसती सरकते, बोट जरा उचलल्यासारखी होते, संपलं. ती मारते किनाऱ्याशी आल्यावर. म्हणून बोटवाले तिच्यापासून पळत नाहीत. ती मोठी व्हायच्या आत तिच्याच दिशेने जातात.

बावीस वर्षांपूर्वी सगळेच एकदम गेले. आमच्या बंदराचं तोंड अरुंद, एका वेळी एकच बोट निघते. दोन बोटी तिथे एकमेकींत अडकल्या आणि मागच्या चौदा बोटी माणसांसकट आतच राहिल्या. भावोजी त्या दोघींच्या पुढे होते म्हणून वाचले. जे उरले त्यांनी मग बसून नियम केला. सव्वीस बोटी, सव्वीस नंबर, कचेरीच्या भिंतीवर फळा. हादरा थांबल्यापासून अकरा मिनिटांत दोर सुटला पाहिजे, मग नंबराने एकेक बाहेर. पुढचा आला नाही तर मागच्याने एक मिनिट थांबायचं, भोंगा द्यायचा आणि निघायचं. ते एक मिनिट मागच्या सगळ्यांच्या आयुष्यातून जातं, म्हणून ज्याला जमणार नाही त्याने आधीच नाव खोडून घ्यायचं. खोडलेलं नाव परत लागलं तर सगळ्यांच्या शेवटी. आणि सुकाणूवर ज्याचं नाव फळ्यावर त्यानेच बसायचं. भाऊ, मेहुणा, नोकर चालत नाही. भावोजींचा नंबर तिसरा. त्या नंबरावर अख्ख्या बंदराचा डोळा होता.

माझी थोरली बहीण आणि भावोजी दोराच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहायचे. कपाटं भिंतीला लोखंडी पट्ट्यांनी आवळलेली, पलंग खिडकीपासून लांब, काचेचं सगळं खालच्या फळीवर. भावोजी दिवसातून तीनदा बोट बघून यायचे. खुंट्यावर दोर बांधायचा नाही, नुसता फास टाकायचा, एका झटक्यात निघेल असा. नाहीच निघाला तर बाजूला कुऱ्हाड. डिझेल पाऊण टाकीच्या खाली जाऊ द्यायचं नाही. बोटीचं तोंड कायम समुद्राकडे. जेवतानाही यांचा एक पाय हलत असायचा. ताई म्हणायची, "भूकंप झाला तरी मला कळायचा नाही. मला वाटेल, हेच पाय हलवतायत."

मोठा हादरा थांबला की दोघांच्या वाटा वेगळ्या व्हायच्या. ते खाली धक्क्याकडे, ती वर टेकडीकडे. टेकडीला एकशे चौसष्ट पायऱ्या आहेत, कडा पांढऱ्या रंगवलेल्या, वर पाण्याच्या टाकीजवळ मोकळं मैदान. चार-पाच तासांनी धोका टळल्याचा भोंगा झाला की ती खाली यायची, ते आत यायचे, चहा टाकला जायचा. या बावीस वर्षांत भावोजी सतरा वेळा असे बाहेर गेले आणि सतराही वेळा लाट आली नाही. लोक हसायचे. भावोजी म्हणायचे, "हसा. तिला सतरा वेळा चुकलेलं चालतं, मला एकदाही चालत नाही."

पुढे ताईचे गुडघे गेले. शहरातल्या डॉक्टरकडे मी तिला नेलं, कारण तो डॉक्टर अकरा मिनिटांच्या बाहेरचा. त्याने ऑपरेशन सांगितलं. ताई म्हणाली बघू, आणि ते बघणं अजून चालू आहे.

माझं इंजिन दुरुस्तीचं वर्कशॉप बर्फाच्या कारखान्याच्या मागे आहे. गेल्या वर्षी एका सकाळी मी तिथे पिस्टन पुसत असताना जमीन हलायला लागली. चाळीसपर्यंत मोजलं आणि हातातलं टाकून पळालो. वाट ताईच्या घराखालून जाते. सगळी गल्ली टेकडीकडे धावत होती, आणि वरच्या मजल्यावरून मला कुकरची शिट्टी ऐकू आली. मला वाटलं, बाई गॅस बंद करायला विसरली. जिना चढून गेलो तर ताई मोड्यावर बसून वाटाणे सोलत होती.

"ताई, अगं हे काय? चल."

"कुठे?"

"कुठे काय? वर."

"एकशे चौसष्ट पायऱ्या," ताई म्हणाली. "चाळिसाव्या पायरीवर बसकण मारते मी. मागे एकदा एका बाईच्या कडेवर तान्हं होतं, माझ्यामुळे अडकली बिचारी. तेव्हापासून जात नाही."

"म्हणजे किती वेळा?"

"ही चौथी."

मी तिला उचलायला गेलो. माझी अंगकाठी बारीक आणि तिचं अंग भारी; दोघंही पलंगावर आदळलो. ती हसली, मला हसू येईना. भावोजींना माहीत आहे का, असं विचारलं तर तिचा चेहरा बदलला.

"त्यांना सांगशील तर माझं मेलेलं तोंड बघशील," ती म्हणाली. "त्यांना कळलं तर ते बोट सोडून माझ्यापाशी बसतील. आणि बोट गेल्यावर खायचं काय आम्ही, तुझी इंजिनं?"

तिला सोडून जायची माझी हिंमत झाली नाही, आणि थांबायची तर त्याहून नव्हती. मी खाली बसलो. साडेचार तास आम्ही बहीण-भाऊ वाटाणे सोलत लाटेची वाट बघत होतो. ते संपल्यावर तिने मला लसूण दिला. लाट आली नाही. भोंगा झाल्याबरोबर ताईने खिडकीतला एक डबा उघडला, त्यातली लाल माती चिमटीने घेतली आणि स्वतःच्या चपलांच्या तळव्यांना चोळली. टेकडीची माती लाल आहे.

ते वर्ष माझं फार वाईट गेलं. सांगावं तर बहीण तोंड बघणार नाही, न सांगावं तर एक दिवस बहीणच राहणार नाही. इकडे आड, तिकडे विहीर. ट्रक गेला तरी मी मोजायला लागायचो. गिऱ्हाइकाच्या इंजिनात पाना विसरून ठेवला, बायकोवर वसावसा ओरडलो. तिकडे भावोजींचंही काही ठीक नव्हतं. ते सकाळी उठून टेकडीच्या पायऱ्या चढायचे-उतरायचे, घड्याळ बघायचे, परत चढायचे. मी समजलो, म्हातारपणी व्यायामाचं खूळ घेतलंय.

शेवटी मला राहवेना. एका दुपारी त्यांच्या बोटीचं इंजिन उघडलं होतं, मी खाली वाकलेलो, ते वरून हत्यारं देत होते. त्यांच्याकडे न बघताच मी बोललो. "भावोजी, ताई वर जात नाही. घरीच बसते."

त्यांनी मला पाना दिला. मग म्हणाले, "माहीत आहे."

मी डोकं वर काढलं.

"बाहेरून त्या पायऱ्या स्वच्छ दिसतात," ते म्हणाले. "दुर्बिणीतून माणूस ओळखू येतो. तिची ती हिरवी शाल. पहिल्यांदा दिसली नाही तेव्हा म्हटलं, गर्दीत असेल. पुढच्या वेळी बंदराच्या तोंडापासूनच बघत राहिलो, शेवटचा माणूस चढेपर्यंत. नव्हती."

"आणि?"

"आणि त्यानंतर दोनदा गेलो."

माझ्या हातात बावीस नंबरचा पाना होता. तो त्यांच्या डोक्यात घालावा असं मला खरंच वाटलं.

"हादरा थांबला की मी विचार करत नाही रे," ते म्हणाले. "पाय खाली पळतात, हात फास काढतात. विचाराला बाहेर गेल्यावर चार तास असतात. घरी येतो तर चपलांना माती लावून ती चहा टाकत असते. वाटतं, हिची हरकत नाही. मी काय करायचो, ते मानून घ्यायचो." त्यांनी फडक्याने हात पुसले. "पाठीवर घेऊन चढायचं म्हटलं तर मला सत्तर पायऱ्यांच्या पुढे जमत नाही. सिमेंटची पोती घेऊन बघितलं."

मी पाना खाली ठेवला. मी तरी कुठे धुतल्या तांदळासारखा होतो? वर्षभर मीही गप्पच होतो.

चौथ्या दिवशी भावोजींनी फळ्यावरचं आपलं नाव खोडून घेतलं. कारकुनाने तीनदा विचारलं, "नक्की ना?" चौथ्या नंबरवाला तिसरा झाला. त्याने आनंदाने सगळ्या धक्क्याला चहा पाजला, आणि भावोजीही तो निमूट प्याले.

मग तयारी. आता अकरा मिनिटांचं बंधन नव्हतं, म्हणून टेकडीवर खोली बघायला लागलो. पण वरच्या खोल्यांना मागणी फार, आज देतो उद्या देतो चाललेलं. तोवर माझी इंजिनं वाहायची ट्रॉली कामाला लावायची ठरली. बर्फाच्या कारखान्याजवळून ट्रकचा चढ टेकडीवर जातो. एकट्याने ट्रॉली तिथे चढत नाही, दोघांनी चढते. सरावासाठी तिच्यावर एक जुनं इंजिन ठेवायचं होतं, तर भावोजींनी ताईला सरळ विचारलं, "तुझं वजन किती?" पस्तीस वर्षांच्या संसारात हा प्रश्न पहिल्यांदाच आला होता. ताई म्हणाली, "मला मोडीत घालताय का?" शेवटी आम्ही अंदाजाने दोन सिलिंडरचं इंजिन चढवलं. चौदा मिनिटं लागली. भावोजी म्हणाले, "जमतंय." मी म्हटलं, "इंजिन गप्प बसतं, ताई बसेल का?"

बोटही त्यांनी वेगळी बांधली. निघायची बोट आणि राहायची बोट यांचं बांधणं वेगळं. नवे जाड दोर आणले, चारी बाजूंनी घट्ट आवळले, गाठींवर गाठी मारल्या, मध्ये जुने टायर सोडले. दर संध्याकाळी जाऊन ओढून बघायचे. जरा सैल लागला दोर की परत आवळायचे.

ताई माझ्यावर दोन दिवस फुरंगटून बसली. तिसऱ्या दिवसापासून मात्र तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं. भाजीवाली, शेजारीण, दोरवाल्याची आई, कोणी सुटलं नाही. "यांना कळलं मात्र," ती सांगायची, "बावीस वर्षांचा नंबर चौथ्या दिवशी खोडून आले. मी म्हटलंही नव्हतं हो." हे चालू असताना मी छताकडे बघायचो आणि भावोजी काहीतरी काम काढून बाहेर जायचे. जाऊन जाणार कुठे? धक्क्यावर दोर ओढायला.

पाचव्या आठवड्यात, दुपारी चारला, जमीन हलली. मी वीस मोजले, चाळीस मोजले, सत्तर झाले तरी थांबेना. वर्कशॉपच्या रॅकवरून नट-बोल्टचे डबे पडले. थांबल्याबरोबर ट्रॉली घेऊन पळालो. जिन्याच्या तोंडाशी भावोजी ताईला पाठीवरून उतरवत होते. पोतं अंथरलं, ताईला बसवलं, ती दोन्ही कडांना धरून बसली आणि डोळे मिटले. आम्ही ढकलायला लागलो. चढाच्या अर्ध्यावर एक वळण आहे, तिथून धक्का दिसतो. खाली इंजिनं सुरू झाली होती. पहिली बोट निघाली, दुसरी निघाली. तिच्या मागे तो नवा तिसरा.

भावोजींचे हात ट्रॉलीवर होते, पण ढकलत नव्हते. सगळं वजन माझ्या छातीवर आलं.

ताईने डोळे उघडले. "जा हवं तर," ती म्हणाली. "हा नेईल मला."

"हा नाही नेऊ शकत," भावोजी म्हणाले, आणि त्यांनी जोर लावला.

वर पोचलो तेव्हा मैदान भरलं होतं. ट्रॉली आम्ही कठड्याशी लावली. पंचवीस बोटी रांगेने बाहेर जात होत्या आणि रिकाम्या बंदरात एकच बोट उभी होती. थोड्या वेळाने बंदरातलं पाणी उतरायला लागलं, उतरतच गेलं, आणि ती चिखलात एका कुशीवर टेकली. मग पाणी परत आलं. उंच भिंतीसारखं वगैरे काही नाही. तपकिरी, सावकाश, चढतच राहिलं. धक्का बुडाला, कचेरीची खिडकी बुडाली, आमच्या गल्लीत पाणी शिरलं.

दोर तुटले नाहीत. घात तिथेच झाला. बावीस वर्षं सोडण्यासाठी बोट बांधणाऱ्या माणसाला ती राहण्यासाठी कशी बांधतात हे येत नव्हतं. राहणाऱ्या बोटीला वर चढायला दोरात ढील लागते; यांनी ती रोज संध्याकाळी जाऊन काढून घेतली होती. पाणी चढलं आणि दोर बोटीला चढू देईनात. नाक आधी खाली गेलं. मग केबिन. मग काही दिसेना.

भावोजी बघत होते. ताई मात्र ट्रॉलीवर बसल्या बसल्या ढसाढसा रडायला लागली. तिने त्यांचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला आणि शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी बाईला सांगायला लागली, "माझ्यासाठी सोडली हो. मी वर येत नाही हे यांना कळलं आणि चौथ्या दिवशी नाव खोडलं. असा माणूस मिळायला नशीब लागतं."

मी मनात म्हटलं, भावोजी, आता गप्प राहा. बोट गेली आहे, घरात पाणी आहे, तुमच्याकडे एवढंच उरलंय. गप्प राहा.

"चौथ्या दिवशी नाही," भावोजी म्हणाले.

ताई त्यांच्याकडे बघायला लागली.

"ह्याने सांगायच्या आधीपासून माहीत होतं मला. दुर्बिणीतून पाहिलं होतं. तू पायऱ्यांवर नव्हतीस. त्यानंतर दोनदा गेलो मी."

शेजारची बाई हळूच बाजूला झाली. ताईने त्यांचा हात झटकला नाही, पण आता तो नुसता तिच्या मांडीवर पडलेला होता.

"कुठल्या दोनदा?" तिने विचारलं.

"शेवटची ती, हा तुझ्याबरोबर होता ती. आणि त्याच्या आधीची, ऐन दुपारची."

खाली पाणी परत ओसरायला लागलं होतं आणि त्यातून फळ्या, पिंपं, कोणाचं तरी कपाट बाहेर चाललं होतं.

"त्या दुपारी मी फार घाबरले होते," ती म्हणाली. "एकटी होते. समुद्राकडच्या खिडकीत जाऊन उभी राहिले. म्हटलं, तिकडून ह्यांना मी दिसत नाही, पण मला ह्यांची बोट दिसेल. तेवढाच आधार."

भावोजींनी मान खाली घातली. मी माझ्या बुटांकडे बघत राहिलो.

अंधार पडायच्या आत कचेरीचा माणूस सांगत आला की आज कोणीही खाली जायचं नाही, टेकडीच्या पलीकडच्या उतारावर शाळा आहे, तिथे झोपायची सोय केलीये. लोक सामान उचलून निघाले. भावोजींनी ट्रॉलीच्या दांड्याला हात घातला.

ताई माझ्याकडे वळली. "तू धर," ती म्हणाली. "उतार आहे. तुला एकट्याला जमेल."

मी धरली. भावोजी मागून चालत आले, दहा-पंधरा पावलांचं अंतर ठेवून.